घाटस्वार ठकूबाईंच्या चिमट्यास चौदा फेऱ्यांचा पेच बसविला, त्याची बखर

॥ श्री घाटदेवता प्रसन्न ॥

ऐकणारांनी पाय पसरून बसावे, ज्यांस घाई असेल त्यांनी खुशाल उठून जावे, मागाहून पुढे काय झाले म्हणून विचारीत येऊ नये, ऐसी ही हकिकत आहे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर. संवत्सराचे नाव क्रोधी, परंतु या हकिकतीत क्रोध थोडा आणि माया फार, हे आधीच सांगून ठेविले म्हणजे तलवारबाजी ऐकावयास आलेल्यांचा हिरमोड होणार नाही. डोंगरांच्या बेचक्यात एक राज्य होते. नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिले की लोक नकाशा उघडून बसतात. राज्यात छत्तीस घाटवाटा, आणि त्या वाटांनी वाड्यावस्त्यांवर टपाल आणि औषधे पोहोचविणारे छत्तीस घाटस्वार. जित्या घोड्यांचा रिवाज केव्हाच मोडला होता. स्वारांस दुचाकी घोड्या होत्या, ज्यांस इतर मुलुखात डोंगरी सायकल म्हणतात त्याच. दाणा नको, वैरण नको, आणि लाथही मारीत नाहीत. घोडीच्या पुढल्या चाकास दोन नळ्यांचा चिमटा असे, आणि नळ्यांच्या पोटात स्प्रिंगा असत, जेणेकरून दगडाचा दणका स्वाराच्या मनगटास न पोहोचता नळीतच जिरावा. आणि राज्याचा जुना रिवाज ऐसा की, स्वार चाकरीस लागला की पहिल्या दिवशी त्यास घाटदेवतेपुढल्या तराजूत बसवावे, तोल घ्यावा, तो तांब्याच्या पत्र्यावर कोरून पत्रा चिमट्यास ठोकावा, मग त्या तोलाजोगी स्प्रिंग घालून नळीचे टोपण कायमचे बंद करावे. देवीपुढे घेतला तोच अखेरपर्यंतचा तोल. पुन्हा तोलणे म्हणजे देवीवर अविश्वास, आणि आपला तोल आपल्या तोंडाने सांगणे म्हणजे तर चारचौघांत निव्वळ बेअदबी. हणगोजी म्हणून एक जुने स्वार होते, त्यांच्या पत्र्यावर त्रेसष्ट किलो कोरलेले, आणि स्वारी बसली की घोडीने नाक जमिनीस घाशीत चालावे, परंतु कोणी ब्र काढीत नसे.

या राज्यात चिमट्यांचे कारखानीस सटवोजी, आणि त्यांचे कुटुंब ठकूबाई, बावन्न पायऱ्यांच्या घाटाच्या स्वार. चौदा वर्षे चाकरी, पत्र्यावर अठ्ठावन्न किलो. घाटावरल्या चार वस्त्यांत त्यांची घंटी ऐकून म्हाताऱ्या दारात येऊन बसत, आणि ठकूबाई औषध देत आणि वर ते कसे घ्यावे यावरून दटावीतही. भाद्रपदात त्यांस विषमज्वर आला. चाळीस दिवस अंथरूण धरिले, आणि सटवोजी कारखाना आणि घर ऐसे दोन्हीकडे धावून पेज करीत, कपाळावर पट्ट्या ठेवीत, आणि कोणी विचारिले तर ठीक आहे म्हणून सांगत. कार्तिकात ताप उतरला आणि ठकूबाई पुन्हा घोडीवर बसल्या. परंतु अठ्ठावन्न किलोची स्प्रिंग, आणि वर बसणार तापाने खाऊन उरलेले शरीर. चिमटा दबेच ना. नळ्या नुसत्या काठीसारख्या ताठ, आणि घाटातला दगडनदगड थेट मनगटात. ठकूबाईंनी हे कोणास सांगितले नाही. सांगावे तर तोल घटला म्हणून सांगणे आले, आणि पौषी पौर्णिमेस हजेरी होती. हजेरीचा कायदा स्पष्ट: सर्वांदेखत पायऱ्यांचा उतार उतरावा, आणि ज्याचा पाय भुईस लागेल त्याची घोडी सरकारजमा होऊन घाट दुसऱ्यास दिला जावा. त्या घरी हसून खेळून असत, परंतु सटवोजींनी पाहिले की बाई चहाची कपबशी दोन्ही हातांनी उचलू लागल्या. एके दिवशी जेवता जेवता ठकूबाई सहज म्हणाल्या, "घाट सुटला तर मी दिवसभर करू काय, ते तुम्हीच सांगा." आणि उत्तराची वाट न पाहता उठून भांडी घासावयास गेल्या. 

मग सटवोजींनी मनात योजना केली. कारखाना दुपारी तासभर जेवून लवंडत असे. तेवढ्या वेळात त्यांनी बायकोची घोडी आत घेतली, चौदा वर्षांचे बंद टोपण फिरवून काढिले, अठ्ठावन्नाची स्प्रिंग उपसून तिच्या जागी एक मऊ स्प्रिंग घातली, आणि टोपणास मधोमध भोक पाडून त्यास आटे पाडिले, आणि त्या आट्यांतून एक पेच आत सोडिला, पेचाच्या खाली एक चकती, ती स्प्रिंगेच्या डोक्यावर बसणारी. पेच आवळावा तसतशी चकती खाली सरकावी, आणि स्वार बसण्याआधीच स्प्रिंगेवर थोडा दाब राहावा. सैल सोडिला तर चिमटा हलक्या माणसास झुकून मान देईल, आवळिला तर भारी माणसास पेलून धरील. तापात बाईंस उचलून बसविताना सटवोजींच्या हातांनी भार चव्वेचाळीस किलो जोखिला होता; त्यावरून हिशेब बसविला की एका किलोस एक फेरा, आणि चौदा फेरे आवळिले की चव्वेचाळिसाची ठकी पुन्हा अठ्ठावन्नाची होते. मनात म्हणाले, जसजशी भरत जाईल तसतसा आवळू, तिला कळणारसुद्धा नाही. वरून कातड्याची टोपी घालून पेच झाकिला आणि पत्रा होता तेथेच ठेविला. देवीच्या तोलास हात घालणे म्हणजे कारखानिशी जाणार हे त्यांस पक्के ठाऊक होते. परंतु कपबशी आठवली की हात थांबत नसत.

आता अडचण ही की, बायको किती किलो झाली हे तिला न विचारता कळावे कैसे. त्यास कारागिरांची एक युक्ती आहे. चिमट्याच्या चकचकीत नळीभोवती, खालच्या जाड नळीच्या तोंडाशी, एक दोरा बांधावा. स्वार बसला की चिमटा दबतो आणि दोरा वर ढकलिला जातो, स्वार उतरला की चिमटा पूर्ववत होतो आणि दोरा वरच राहतो. मधले अंतर मोजिले की चिमटा किती दबला ते कळते. दोन बोटे अंतर पडले की तोल बरोबर. आणि राज्यात रोज सकाळी ऐसी वहिवाट की, स्वाराने घाटदेवतेच्या देवडीच्या भिंतीस हात टेकून घोडीवर बसावे, मागे टपालाची थैली बांधिली जावी, मग उतरून आत देवीस नमस्कार करावा आणि पुन्हा बसून निघावे. सटवोजींनी अंदाजे चार फेरे आवळिले, लाल दोरा बांधिला, आणि ठकूबाई नमस्कारास आत गेल्या तेव्हा हवा तपासण्याच्या मिषाने जाऊन पाहिले, तो दोन बोटे चोख. जीव भांड्यात पडला. त्या संध्याकाळी ठकूबाई घरी येऊन म्हणाल्या की आज घाटाने त्रास दिला नाही, आणि एका हाताने चहा प्याल्या, आणि सटवोजी उगाच चुलीत फुंकर मारीत बसले की डोळे दिसू नयेत.

परंतु दुसऱ्या दिवशी पाहतात तो दोरा जागचा हललेला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सटवोजींनी मनात आणिले की बाई आणखी वाळली, चिमटा दाबण्याइतकाही भार राहिला नाही. म्हणून एक फेरा सैल केला. दोरा तेथेच. आणखी एक. होता होता चारही फेरे सोडिले आणि दोरा काही हलेना, मग घाबरून त्याहून मऊ स्प्रिंग घातली. घरी डिंकाचे लाडू केले, खारका दुधात शिजविल्या, पुढ्यात बसून खाववू लागले, आणि ठकूबाई म्हणत की अहो, माझे पोलके दाटू लागले, आता पुरे करा, तर सटवोजींस वाटे की बिचारी माझी समजूत घालते. त्यांस स्वतःच्या डोळ्यांनी बाईंचे गाल वर आलेले दिसत होते, परंतु कारागीर मनुष्य, डोळ्यांपेक्षा मापावर भरवसा अधिक, आणि माप सांगत होते की बायको दिवसेंदिवस नाहीशी होते आहे. रस्त्यात कोणी तब्येत विचारिली तर ते नुसते मान हलवीत आणि दुकानात शिरून पुन्हा खारका घेत. ऐसे करिता करिता हजेरी तीन दिवसांवर आली, आणि त्या दिवशी ठकूबाई सरावास पायऱ्या उतरल्या, तो तिसऱ्याच पायरीस घोडीने नाक खाली घातले, चिमटा ठक्क करून तळास लागला, आणि बाई पुढे जावयाच्या त्या कठड्यास धरून वाचल्या. कोपर सोलले. घरी आल्या. मग हळद लावून घेताना हलकेच म्हणाल्या की मीच राजीनामा लिहून देते, सर्वांदेखत पाय टेकण्याहून ते बरे.

चिमटा तळास लागतो आणि दोरा मात्र हलत नाही, हे सटवोजींच्या हिशेबात बसेना. सकाळी त्यांनी धीर करून देवडीच्या खांबाआड उभे राहून पाहिले. ठकूबाई घोडीवर बसल्या, थैली बांधिली गेली, बाई उतरल्या. दोरा चांगला चार बोटे वर गेलेला. आणि बाईंनी काय केले, तर चपला काढिल्या, वाकून एका बोटाने दोरा हळूच खाली सारून जागेवर आणिला, ते बोट दोन्ही डोळ्यांस लाविले, आणि मग नमस्कारास आत निघाल्या. सटवोजी खांबाआडून बाहेर आले आणि विचारिले की हे काय चालविले आहेस. ठकूबाई गोंधळल्या. म्हणाल्या, "तुम्ही माझ्यासाठी नवसाचा दोरा बांधलात, तो रोज वर सरकतो. नवस निसटू नये म्हणून रोज जागेवर आणते. चुकलं का काही?" सटवोजींस हसू आले, आणि हसता हसता ते तेथेच पायरीवर बसले. मग म्हणाले, "अगं, तो नवसाचा नव्हे. तो मापाचा आहे." आणि मग पेच, मऊ स्प्रिंग, भोक पाडिलेले टोपण, सगळे सांगून टाकिले.

ठकूबाईंनी कातड्याची टोपी उचलून पेच पाहिला. मग विचारिले, "म्हणजे तुम्हांला सगळं ठाऊक होतं?" सटवोजी म्हणाले, "कपबशी दोन हातांनी उचलायला लागलीस तेव्हापासून." त्यावर बाई पदराने नाक पुसून म्हणाल्या की एवढे दोन महिने मी एकटीच सोसते ऐसे समजत होते, तुम्ही एका शब्दाने बोलला असतात तर काय जीभ झिजली असती काय. सटवोजींनी तो वाग्बाण मुकाट्याने घेतला, कारण खराच होता. आणि बाईंनीही थोड्या वेळाने कबूल केले की बोलले तर मलाही पाहिजे होते. मग त्याच दुपारी दोघे कारखान्यातल्या लोखंड तोलण्याच्या काट्यापाशी गेले आणि ठकूबाई त्यावर उभ्या राहिल्या. काट्याने पन्नास दाखविले. सटवोजींनी ते तीनदा वाचले. पहिली मऊ स्प्रिंग परत घातली, पेच सहा फेरे आवळिला, आणि दोरा ठकूबाईंदेखत दोन बोटांवर येऊन थांबला.

पौषी पौर्णिमेस हजेरी भरली. गादीवर बाईसाहेब होत्या, वय साठीपुढे, बोलणे थोडे. छत्तीस स्वार रांगेने उभे, आणि तोलनीस रंगोपंत पत्रे तपासीत चालले. रंगोपंत मनुष्य वाईट नव्हे, परंतु छत्तीस पत्रे दर शुक्रवारी चिंचेने स्वतः घाशीत आले, त्यामुळे त्यांची पत्र्यांवर माणसांहून माया अधिक. ठकूबाईंच्या घोडीपाशी येऊन त्यांनी कातड्याची टोपी पाहिली, उचलिली, आणि पेच पाहून त्यांचा चेहराच उतरला. मोठ्याने म्हणाले की देवीच्या तोलात ढवळाढवळ झाली, पत्रा अठ्ठावन्न सांगतो आणि चिमटा दुसरेच सांगतो, ऐसी घोडी हजेरीस चालणार नाही, आणि ज्याने हे केले त्याची कारखानिशी राहणार नाही. सटवोजी पुढे होऊन म्हणाले की केले ते मी केले, बाईंस ठाऊक नव्हते, काय शिक्षा ती मला द्यावी. तेव्हा ठकूबाईंनी त्यांस हाताने मागे सारिले, आणि गादीसमोर जाऊन म्हणाल्या, "सरकार, माझं वजन पन्नास किलो आहे."

सभा दोन पावले मागे सरली. कोणी कानांवर हात ठेविले, रंगोपंतांनी तर डोळेच मिटले. बाईसाहेबांनी विचारिले की पन्नास तुझे, तर पत्र्यावर कोरले ते कोणाचे. ठकूबाई म्हणाल्या, "ते चौदा वर्षांमागल्या ठकीचं, सरकार. तापात मी चव्वेचाळीसवर आले होते. जशी आहे तशी मला या माणसानं मोजलं, म्हणून घाट उतरू शकते. घोडी घ्यायची तर उतरून झाल्यावर घ्या." त्यावर रांगेतून हणगोजींनी घसा खाकरला आणि जमिनीकडे पाहात, जणू कोणी मेल्याची बातमी सांगावी तैसे, आपण ब्याऐंशी किलो आहोत म्हणून सांगितले. रंगोपंतांनी तोंडावर उपरणे धरिले. मग आणखी एकाने सांगितले, आणखी एकीने सांगितले, आणि एका तरण्या स्वार बाईने लाजून म्हटले की माझा सध्या दोघांचा तोल आहे. त्यावर तिच्या सासूबाई गर्दीत मटकन् खाली बसल्या, कारण त्यांसही ते तेव्हाच कळले. बाईसाहेब हसल्या. त्या वर्षात त्या प्रथमच हसल्या ऐसे जवळचे लोक सांगतात. आणि हुकूम जाहला की आधी उतरू द्यावे.

मग ठकूबाई बावन्न पायऱ्यांच्या माथ्यावर गेल्या. सटवोजी पायथ्याशी उभे, आणि त्यांस काही दिसेना, कारण त्यांनी चेहऱ्यापुढे दोन्ही हात धरिले होते. बोटांच्या फटीतून फक्त पुढला चिमटा पाहात होते. पहिली पायरी, चिमटा दबला आणि वर आला. दुसरी, दबला आणि वर आला. बाईंची मनगटे मऊ, मान ताठ, आणि चिमटा ऐसा दबे आणि उठे की जणू श्वास घेतो आहे. तिसऱ्या पायरीस सटवोजींचे ओठ मोजू लागले आणि बावन्नापर्यंत मोजीत राहिले. ठकूबाई पायथ्यास आल्या, पाय भुईस लागला नव्हता. त्या नवऱ्यासमोरून तशाच पुढे गेल्या आणि देवीच्या दारापर्यंत जाऊन मगच उतरल्या, कारण तसा कायदा होता आणि त्या कायद्याच्या पक्क्या होत्या.

निवाडा ऐसा जाहला. सटवोजींनी न विचारता देवीच्या तोलास हात घातला, सबब एक वर्ष कारखानिशीची पगडी उतरवून ठेवावी आणि साध्या कारागिराच्या पाटावर बसावे. आणि त्या पाटावर बसून राज्याच्या बाकी पस्तीस चिमट्यांस तोच पेच बसवून द्यावा. दर महिन्यास स्वारांस तोलावे, रंगोपंतांनी फेऱ्यांची संख्या खडूने पत्र्याच्या पाठीवर लिहावी, पुसावी, आणि पुन्हा लिहावी. रंगोपंत आठ दिवस रुसले, मग स्वतःच उत्तम खडू निवडून आणिला. सटवोजी शिक्षेने दुःखी झाले म्हणावे तर पाटावर बसून गुणगुणत असत, आणि हणगोजींची घोडी नाक वर करून चालू लागली तेव्हा हणगोजी त्यांच्या गळ्यात पडून रडले.

माघ संपता पस्तीस पेच पुरे जाहले. ठकूबाई दुपारी डबा घेऊन कारखान्यात आल्या आणि म्हणाल्या की आता एक राहिला, तुमच्या घोडीचा. सटवोजी म्हणाले की मी घाटस्वार नव्हे, कारखाना ते घर एवढीच माझी मजल, मला पेच कशास. बाईंनी ऐकिले नाही. बसवून घेतला, चाकरीस लागताना देवीपुढे निघालेल्या बहात्तराच्या फेऱ्यांवर आवळून घेतला, आणि म्हणाल्या की बसा. सटवोजी भिंतीस हात टेकून बसले. ठकूबाई वाकून पाहतात तो चिमटा दबलाच नाही. बाईंनी एक फेरा सोडिला, पाहिले. आणखी एक सोडिला. सटवोजी म्हणाले की स्प्रिंग बदलावी लागेल, ही कडक असेल, माझी चूक झाली असेल. बाई फेरे सोडीत राहिल्या आणि अकराव्या फेऱ्यास चिमटा दोन बोटे दबला. बाईंनी पेचावरचा हात काढिला नाही. भाद्रपदापासून या माणसाने दोन घास आपल्या ताटातून उचलून तिच्या ताटात कितीदा वाढिले असतील, आणि तिने एकदाही त्याच्या ताटाकडे पाहिले नव्हते, हे तिच्या एकदम ध्यानात आले. म्हणाल्या, "अहो, अकरा किलो. माझं सगळं मोजलंत, तुमचं कोणी मोजलं?" सटवोजी ओशाळून म्हणाले, "कामात ध्यान राहिलं नाही." मग ठकूबाईंनी त्यांस घोडीवरून उतरू दिले नाही. डबा उघडिला, आणि भिंतीस टेकलेल्या नवऱ्यास तेथेच, घोडीवर बसल्या बसल्या, भाकरीचा एक एक घास भरविला. सगळा कारखाना जागा होऊन पाहात होता. दोघांनीही पर्वा केली नाही.

ऐसे हे वर्तमान. राज्यात पत्रे अजून आहेत, शुक्रवारी घासले जातात, परंतु खरे ते पाठीवर खडूने लिहिलेले असते, आणि आपला तोल सांगावयास आता कोणी लाजत नाही, एक रंगोपंत वगळून. इतके लिहून दौत झाकीत होतो तो देवडीवरून खबर आली, ती लिहून ठेवितो: सटवोजींचे अकरा फेरे चैत्र अखेर भरून आले, आणि त्यातला दर फेरा ठकूबाईंनी आपल्या हाताने आवळिला.